रहेमानभाईंची कोळशाची रेघ

रहेमानभाईंबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही एका शाळेत जेमतेम नऊ महिने होतो. ते शिपाई आणि मी चौथा मास्तर. त्यांना मुलं किती होती, दोन की तीन, हे मी कधी विचारलं नाही. त्यांचं वय मला ठाऊक नव्हतं. त्यांना कशाची भीती वाटत असे, वाटत असे की नाही, तेही ठाऊक नाही. १९६३च्या पावसाळ्यात ते मुकुटबनकडे तापानं वारले. मला ते दिवाळीनंतर कळलं, आणि ज्यानं सांगितलं त्याला मी "अरेरे" एवढंच म्हणालो.

मागच्या महिन्यात त्यांचा नातू युनूस घरी आला. त्याचं ढाणकीला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गावच्या शाळेची स्मरणिका निघते आहे, तिच्यात आजोबांवर कुणीतरी दोन पानं लिहावीत असं त्याला वाटतं. "त्यावक्तचे तुमीच उरले आता, गुरुजी," तो म्हणाला. मी हो म्हणालो आणि तीन आठवडे कागदाला हात लावला नाही. प्रगतिपुस्तकं आणि रजेचे अर्ज सोडून मी जन्मात काही लिहिलेलं नाही. शिवाय रहेमानभाईंबद्दल खरं लिहायचं तर माझं एक जुनं प्रकरण उघडं पडतं. त्याची अजून, या वयातही, लाज वाटते.

१९५८च्या जुलैत मी त्या गावात रुजू झालो. ढाणकीपासून दोन कोस. चार खोल्यांची कौलारू शाळा, पुढे कडुनिंब, कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच घंटा. माझी नेमणूक तात्पुरती होती. त्याआधी मी एका जिनात कारकून म्हणून लागलो होतो आणि दीड महिन्यात घरी परत आलो होतो, कारण कापूस घेऊन येणाऱ्या माणसांशी मला बोलता येत नसे. ती माणसं नाव विचारलं तरी ओरडूनच सांगत आणि मी ते चुकीचं लिहीत असे. घरी आई तेव्हा रागावली नाही. फक्त मी ट्रंक परत माळ्यावर ठेवू लागलो तेव्हा "राहू दे खालीच, पुन्हा लागंल," असं म्हणाली. ही दुसरी नोकरी होती. ही गेली असती तर ती ट्रंक घेऊन मी कोणत्या तोंडानं घरात शिरलो असतो, हेच माझ्या डोक्यात दिवसरात्र चालत असे.

पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे. पटावर सेहेचाळीस मुलं. निम्मी गावातली, निम्मी कोसभरावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. पहिल्या दिवशी मी काय शिकवलं ते मलाच ऐकू आलं नसेल. माझा आवाज ओठांतून निघे आणि टेबलावरच पडे. वर्गाच्या दारापाशी पाण्याचा माठ होता. रहेमानभाई तिथं पाणी भरत होते. उंच, वाळके, डोक्यावर मळकी पांढरी टोपी. मी बोलता बोलता खाली-खाली जात होतो, तेवढ्यात त्यांनी पितळी पेला माठावर वाजवला. टण्. मी दचकून वर पाहिलं. ते पेला पुसत होते, माझ्याकडे बघतही नव्हते.

मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "गुरुजी, मांगच्या पोट्ट्यायले आयकूच येऊन नाई राह्यलं."

मी म्हणालो, "हो."

"आतापासून मी पेला वाजवीन. वाजला का जरा मोठ्यानं बोलत जा. पोट्ट्यायले काय समजते, चाचा पाणी भरून राह्यले."

असं ते सुरू झालं. रोज चार-पाच वेळा पेला वाजे. दिवाळीपर्यंत दोनदा वाजू लागला. मी मास्तर झालो तो त्या पेल्यानं, असं म्हटलं तर त्यात काही जास्तीचं नाही.

त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पण त्यांची एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. शाळेची पहिली घंटा ते घड्याळाशिवाय देत. शाळेच्या उगवतीकडच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं रेघा मारल्या होत्या, महिन्या-महिन्याच्या वेगळ्या. वळचणीची सावली त्या त्या रेघेला टेकली की साडेदहा. हेडमास्तर किसनराव यांच्याकडे साखळीचं घड्याळ होतं. ते शाळेत शिरता शिरता घंटा ऐकत, घड्याळ काढून बघत आणि मान हलवून परत खिशात टाकत. ढाणकीहून टपाल घेऊन येणारा देवीलाल तर आपलं घड्याळ त्या घंटेवर लावत असे. "ढाणकीतलं घड्याळ चुकंल, रहेमानची रेघ नाई चुकनार," असं तो म्हणे. त्या दिवशी रहेमानभाई अंगण जरा जास्त लांबपर्यंत झाडत. पावसानं रेघा पुसट झाल्या की ते कोळसा घेऊन त्या पुन्हा गडद करत. दुसरं कुणी त्या भिंतीला हात लावलेला त्यांना चालत नसे.

आता माझी चूक सांगतो.

मी हजेरी मान खाली घालून घेत असे. नाव वाचायचं, "हजर" असं ऐकू आलं तर रेघ, नाही तर शून्य. वर बघायचं नाही, कारण वर बघितलं की सगळी मुलं माझ्याकडे बघत असत. तांड्यावरच्या नावांना मात्र उत्तरच येत नसे. हिरासिंग प्रेमसिंग. शून्य. उत्तमसिंग देवसिंग. शून्य. पुढे वर्ग तर भरलेला दिसे. मला वाटे, ही तांड्यावरची मुलं म्हणजे पटावर असलेल्या कुणाची तरी धाकटी भावंडं असतील, पाठोपाठ आलेली. पटावरची मुलं शेतावर जात असतील. खात्री करून घ्यायची तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं. मुलांना विचारायला मी लाजलो आणि किसनरावांना विचारायला भ्यालो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने मी समोर बसलेल्या मुलांना शून्य देत गेलो.

ऑक्टोबरात कचेरीचं पत्र आलं. किसनरावांनी सगळ्यांसमोर वाचलं. पहिली-दुसरीची सरासरी हजेरी एकवीस. ती तिसाच्या वर आली नाही तर चौथ्या शिक्षकाची जागा तोडण्यात येईल. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर साहेब स्वतः येऊन पाहतील.

"काय हो मास्तर," किसनराव म्हणाले, "पोरं येत नाहीत तुमच्याकडं, का तुमाले पाहून पळून जातात?"

बाकीचे दोघे हसले. मीही हसल्यासारखं केलं. त्या रात्रीपासून मला जेवण जाईना. मी मनात आईला पत्र लिहीत असे आणि पहिल्या ओळीपाशीच अडत असे.

दोन दिवसांनी हजेरी चालू असताना पेला वाजला. मी आवाज चढवला. पेला परत वाजला, आणि परत. मी वर पाहिलं तर रहेमानभाई हात थांबवून माझ्याकडे टक लावून बघत होते. मी "हिरासिंग प्रेमसिंग" असं तिसऱ्यांदा म्हणालो होतो, आणि शून्य द्यायला लेखणी टेकवली होती.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला कडुनिंबाखाली बोलावलं.

"गुरुजी, हिरासिंगले झिरो काहून देल्ला?"

"तो येत नाही."

"येत नाई? रोज तुमच्या म्होरं बसते थो! लाल कुडतंवाला. आत्ता तुमच्या टेबलाले नाक पुसून गेला."

"तो तर काळू आहे. सगळे त्याला काळू म्हणतात."

रहेमानभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवत हसू लागले. हसता हसता खाली बसले. मी मात्र उभाच राहिलो.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी किसनराव पटनोंदणीला तांड्यावर गेले, तेव्हा रहेमानभाई दौत घेऊन बरोबर होते. घरचे सगळे शेतात होते. तांड्याचे नाईक रामसिंग झाडाखाली बसलेले. किसनराव विचारू लागले आणि नाईक एकेका खोपटाकडे बोट दाखवून नावं सांगू लागले. मुलांची घरची नावं काळू, दगडू, भुऱ्या अशी. सरकारच्या कागदावर तांड्याची अशी नावं जाणं नाईकांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी एकेकाला आपल्या मनानं चांगलं वजनदार नाव दिलं. हिरासिंग, उत्तमसिंग, मानसिंग. नोंद झाली, चहा झाला. मुलांच्या घरी ते सांगायचं राहून गेलं. आधीचे मास्तर मुलांना तोंडानं ओळखत. ते नाव न पुकारताच रेघा मारत.

"म्हंजे पोट्ट्यायलेच मालूम नाई का आपलं नाव काय हाय," रहेमानभाई म्हणाले. "आन् तुमी तीन महिने नाव घेऊन राह्यले!"

रविवारी ते मला तांड्यावर घेऊन गेले. त्यांच्या पत्नी हुस्नाबी बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आल्या. त्या वर्षानुवर्षं तांड्यावर बांगड्या भरत, त्यामुळे नवरा-बायको दोघांनाही तिथली बोली येत असे. मी पट वाचायचा, रहेमानभाईंनी खोपट शोधायचं. काळूची आई हंसाबाई दळत बसली होती. तिला सांगितलं की तुमच्या हिरासिंगला त्याचं नाव सांगून ठेवा.

"हिरासिंग कोन?" ती म्हणाली.

"तुमचाच पोट्टा."

"माह्या पोटचा, आन् मलेच ठावं नाई?" तिनं जातं थांबवलं. "रामसिंग नाईकानं बारसं केलं काय माह्या पोराचं? गूळ तरी वाटाचा व्हता!"

बायका जमल्या. हशा इतका उसळला की मी पट छातीशी धरून भिंतीला टेकलो. एकीनं हुस्नाबींना विचारलं, "भाबी, ह्या मास्तरचं तरी नाव खरं हाय ना?" रामसिंग नाईक लांब खाटेवर बसून चिलीम ओढत होते. ते तेवढंच म्हणाले, "नाव वाईट हाय का? सांगा. वाईट असंल तं बदलतो."

दुसऱ्या दिवसापासून माठापाशी शाळा भरली. तहान लागलेलं मूल आलं की रहेमानभाई ओगराळं वर धरत आणि विचारत, "तारो नाम कांई छ?" काळू म्हटलं तर पाणी नाही. हिरासिंग प्रेमसिंग म्हटलं की ओंजळीत धार. मुलांना तो खेळच झाला. तहान नसताना रांग लागू लागली. आठ दिवसांत वर्ग "हजर" म्हणून गर्जू लागला. बावीस, तीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस.

मला वाटलं सुटलो. आणि त्याच संध्याकाळी पट समोर धरला तेव्हा आकडे दिसले. जुलैपासून एकवीस, कधी वीस, कधी बावीस. पत्र आल्यानंतर एकदम त्रेचाळीस. खरी हजेरीच खोटी दिसत होती. कुणीही म्हटलं असतं की मास्तरानं जागा वाचवायला रेघा मारल्या. त्या काळी असं केलेले लोक नोकरीतून गेलेले मला माहीत होते. मी दौत काढली. जुनी शून्यं रेघांत बदलता येतील का, एखाद-दुसरं तरी, ते बघू लागलो. रहेमानभाई खिडक्या लावत होते.

"काय करून राह्यले?"

मी सांगितलं.

"नका करू," ते म्हणाले. "आत्ता एक खरं हाय तुमच्यापाशी. खोडसान तं थेही जाईल."

"मग साहेबांना काय सांगू? तीन महिने मला माझी मुलं ओळखू आली नाहीत, हे सांगू?"

 खिडकीची कडी लागत नव्हती, ते ती लावत राहिले.

इन्स्पेक्टर साहेब नोव्हेंबरच्या शेवटी आले. जाड भिंगाचा चष्मा, हातात छडीसारखी सरळ छत्री. त्यांनी माझ्या वर्गात खुर्ची घेतली. मी हजेरी घेतली. प्रत्येक मूल उठलं, "हजर" म्हणालं. हिरासिंग तर दोनदा म्हणाला. साहेबांनी डोकी मोजली. त्रेचाळीस. मग पट मागून मागची पानं उलटली. एक पान, दुसरं, तिसरं. त्यांचं बोट थांबलं.

"सप्टेंबरात एकवीस. आता त्रेचाळीस. हे कसं काय मास्तर?"

किसनराव त्यांच्या मागे उभे होते. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. माठावर पेला वाजला. मी पुन्हा तोंड उघडलं. मला खरंच बोलायचं होतं, शब्द तयार होते: साहेब, नावांचा घोटाळा झाला. एवढंच. पण डोळ्यांपुढे ती ट्रंक आली आणि मी मान खाली घातली. पेला परत वाजला. साहेबांनी चष्म्यावरून दाराकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"मी विचारतो आहे. कुणाच्या सांगण्यावरून भरली ही हजेरी?"

तेव्हा रहेमानभाई पेला ठेवून आत आले. टोपी हातात घेतली.

"साहेब, कसूर माहा हाय."

"तुझा काय संबंध?"

"घंटा मीच देतो, साहेब. सावलीवर. पावसानं भिंतीवरल्या रेघा पुसल्या, मंग अदमासानं देत गेलो. अर्धा-अर्धा घंटा आंधी वाजे. तांड्यावरचे पोट्टे उन्हाच्या अंदाजानं निंगतात, थे येतवरी गुरुजीची हजेरी होऊन जाय. गुरुजीनं जे देखलं थे लिवलं. आता रेघा सुधारल्या. आता बराबर वाजते."

 मी किसनरावांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या घड्याळाकडे गेला होता. नऊ वर्षं रोज सकाळी ते त्या घंटेशी घड्याळ ताडून बघत होते. त्यांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"तुम्ही काय म्हणता, मास्तर?" साहेबांनी विचारलं. "असंच होतं?"

मी म्हणालो, "हो."

ते एवढं मात्र वर्गभर ऐकू गेलं.

चौथ्या शिक्षकाची जागा राहिली. पुढे मी कायम झालो आणि त्याच खात्यात पस्तीस वर्षं काढली. शेरेबुकात माझ्याबद्दल "वर्ग नीट" असं आहे. त्याखाली शिपाई घंटा वेळेवर देत नाही, बेफिकीर आहे, असं लिहिलं गेलं. मार्चमध्ये रहेमानभाईंच्या बदलीचा हुकूम आला. मुकुटबनच्या पुढं, जंगलातलं एक गाव. तांड्याच्या बांगड्या, हुस्नाबींचं घर, सगळं सोडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. देवीलाल टपाल्यानं हुकूम आणून दिला तेव्हा त्याला कळेचना. "रहेमानची घंटा चुकली? कोन म्हनते?" तो मलाच विचारत होता. मी म्हणालो, "वरून आलंय."

मधल्या साडेतीन महिन्यांत मी त्यांना त्याबद्दल एकदाही काही बोललो नव्हतो. त्यांनीही तो विषय काढला नव्हता. ते झाडत होते, घंटा देत होते, पेला वाजवत होते. त्यांनी ते कशासाठी केलं, हे मला आजही सांगता येत नाही. माझी कीव आली म्हणून, की तांड्यावरच्या मुलांना पाणी पाजून नावं शिकवली होती ती वाया जाऊ नयेत म्हणून, की बोलता बोलता सुचलं म्हणून. विचारायचं धाडस झालं नाही. हुकूम आल्यावर मी दोनदा त्यांच्या घरापर्यंत गेलो आणि आतून भांड्यांचा आवाज ऐकून परत आलो. साहेबांना एक पत्र लिहिलं, सगळं खरं. ते आठ दिवस कोटाच्या खिशात होतं.

ज्या सकाळी ते निघाले, त्या सकाळी ते पत्र खिशात ठेवूनच मी शाळेपाशी उभा राहिलो. ठरवलं होतं की ते त्यांच्या हाती द्यायचं, म्हणायचं, आज टपालात टाकतो, तुम्ही जाऊ नका. रामसिंग नाईकांचा छकडा आला. त्यात दोन ट्रंका, एक पिंजऱ्यातला पोपट, हुस्नाबींची बांगड्यांची पेटी. हुस्नाबी मुलांना घेऊन आत बसल्या होत्या. मुलं किती ते तेव्हाही मी मोजलं नाही. रहेमानभाई छकडा थांबवून खाली उतरले. आधी भिंतीकडे गेले. सावली बघितली. वेळ झाली नव्हती, तरी थांबले. सावली रेघेला टेकल्यावर त्यांनी रुळाचे ठोके दिले, मोगरी परत कडुनिंबाच्या खोबणीत ठेवली, वर्गात जाऊन माठ बघितला, आणि छकड्यावर चढले.

मी चाकाजवळ गेलो. हात खिशात होता. मी म्हणालो, "रहेमानभाई, माझ्यामुळे..."

बैल निघाले होते.

"काय म्हनलं, गुरुजी?" त्यांनी वाकून कान पुढं केला. "आयकू नाई आलं."

मी म्हणालो, "काही नाही. माठ भरला का, विचारलं."

"भरला. झाकन तेवढं ठेवत जा."

"हो," मी म्हणालो. "ठेवतो."